कालच्या तारखेची सत्तावीस तिकिटं

श्रीलंकेत कँडीहून बदुल्ल्याकडे जाणारी एक निळी गाडी आहे. चहाच्या डोंगरांतून दिवसभर चढत-उतरत जाते. नोकरीच्या काळात मी त्या गाडीनं अकरा वेळा गेले. त्यातल्या दहा वेळा खिडकीबाहेर बघितलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, आपल्याला या कामाचा पगार मिळतो हे कुणाला कळू नये. एका खेपेला मात्र बाहेर बघायची हिंमत झाली नाही. ती खेप सांगते.

जळगावच्या एका प्रवासी कंपनीत मी बावीस वर्षं टूर मॅनेजर होते. आमच्या कामाबद्दल लोकांची एक ठाम समजूत असते: हिची मजा आहे, फुकटात जग फिरते. पाहुण्यांमध्ये कुणी असं म्हणालं की मी हसून सोडून द्यायची. खरं काम असं, की पंचवीस-तीस माणसांना घरून उचलायचं आणि जशीच्या तशी घरी पोचवायची. मधल्या काळात त्यांचं जेवण, झोप, औषधं, रुसवे-फुगवे, हरवलेले चष्मे, सगळं आपलं. ताजमहाल बघताना मी ताजमहाल बघत नसे, कोण उन्हात उभं आहे ते बघत असे.

खानदेशची माणसं न्यायला सोपीही आणि अवघडही. सोपी अशी, की कुठंही बसतात, कुणाशीही बोलतात. अवघड अशी, की तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण काढतात. नरडाण्याच्या एका जोडप्यानं तर सिमल्याला येताना ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याची बरणी आणली होती. बर्फात उभं राहून दोघांनी ती खाल्ली, मलाही दिली. त्या सहलीतलं मला नीट आठवणारं जेवण तेवढंच. पारोळ्याच्या एका काकांनी केरळात मला गंभीरपणे विचारलं होतं, "ताई, हा समुद्र रात्री बंद करतात का?" त्यांना म्हणायचं होतं किनारा बंद करतात का, पण आमच्या ऑफिसात तो प्रश्न अजून चालतो.

तर श्रीलंका. आमच्याकडून तिकडे जाणाऱ्यांत धुळे-जळगावकडची बौद्ध कुटुंबं पुष्कळ असत. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, बुद्धांचा दात जपलेलं कँडीचं दंतधातू मंदिर ही त्यांची ओढ. त्यांच्यासोबत फिरायची हौस म्हणून आलेली बाकीची मंडळी. गाडीचा प्रवास हे त्या सहलीतलं गोड पान. सगळं सामान बसमधून पुढे पाठवायचं, माणसांना हातपिशवी देऊन कँडीला गाडीत बसवायचं आणि सहा-सात तासांनी एल्ला नावाच्या डोंगरगावात उतरवून घ्यायचं.

त्या वेळी माझ्यासोबत सव्वीस जण होते. त्यातल्या तिघांची ओळख आधीच करून देते, कारण गोष्ट त्यांचीच आहे. पहिल्या पारोळ्याच्या शेवंताअक्का. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण पांढरं पातळ नेसून सगळ्यांच्या आधी तयार. दुसरे शिंदखेड्याकडचे वसंत सर, निवृत्त मुख्याध्यापक, सोबत त्यांच्या पत्नी. सरांच्या खिशात कायम एक डायरी असे आणि तिच्यात ते सगळं लिहीत. हॉटेलच्या नळाला पाणी किती वाजता आलं तेसुद्धा. तिसरे चाळीसगावचे नाना. रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जाणार ते सांधे बदलून ठरवणारा माणूस. बोलणं कमी. ही सहल त्यांनी देवासाठी केली नव्हती आणि डोंगरासाठीही नाही. गाडीसाठी आले होते.

निघायच्या तीन आठवडे आधी अक्कांनी मला फोन केला होता. "माय, आपन कँडीले जाऊत तव्हय पुनीव दुसरा दिन शे. एक दिन वाढाव ना." पौर्णिमेला तिथल्या मंदिरात मोठा उत्सवी दिवस असतो, तो एका दिवसानं हुकत होता. बाकीच्यांनीही उचलून धरलं. मला अभिमान वाटला, की एवढी गोष्ट मी जुळवू शकते. हॉटेल एक दिवस पुढे सरकवलं. बस सरकवली. एल्लाचा मुक्काम सरकवला. पौर्णिमेच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतल्या हजारो माणसांच्या रांगेत, हातात कमळं घेऊन आमची अक्का उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. माझी पाठ मीच थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कँडी स्टेशनवर सगळ्यांना फलाटावर बसवून मी डबा शोधायला पुढे गेले. दारात टीसी उभा होता. पन्नाशीचा, सडपातळ, पांढरा गणवेश इस्त्रीचा, छातीवर नावाची पट्टी: गुणपाल. मी तिकिटांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. त्यानं वरचं पाहिलं, खालचं पाहिलं, मग आवाज खाली आणून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, ही कालची आहेत."

सगळं सरकवलं होतं. गाडी राहिली होती.

आमच्या सत्तावीस जागा आदल्या दिवशी बदुल्ल्याला जाऊन आल्या होत्या. बस सामान घेऊन तासाभरापूर्वीच निघून गेली होती. या गाडीचं आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. त्यात पौर्णिमेची सुट्टी संपवून परतणाऱ्यांची गर्दी. गुणपाल म्हणाला, "तिसऱ्या वर्गाचं साधं तिकीट काढा. शेवटच्या दोन डब्यांत चढा. मी येतो."

मी तिकिटं काढली आणि माणसांकडे परत आले. त्या वीस-पंचवीस पावलांत मी काय सांगायचं ते ठरवलं. आजही ती पावलं मला आठवतात.

"मंडळी," मी म्हणाले, "रेल्वेनं आपला डबा ऐनवेळी दुसऱ्या कुणाला देऊन टाकलाय. सरकारी हुकूम आहे म्हणतात. आपल्याला साध्या डब्यातून जावं लागेल."

इतकं सहज निघालं तोंडातून. इतक्या वर्षांत छोट्या थापा मारल्या नव्हत्या असं नाही. 'पाचच मिनिटं राहिलीत' ही तर आमच्या धंद्याची प्रार्थना आहे. पण ही वेगळी होती. हिच्यात चूक माझी होती आणि नाव दुसऱ्याचं होतं.

डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आमची माणसं चढली मात्र झकास. जन्मभर पॅसेंजर गाड्यांत चढलेली माणसं ती. पण उभं किती वेळ राहणार? पाऊण तासात वसंत सरांच्या पत्नीला चक्कर आली. त्या मटकन खाली बसल्या. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गुणपाल आला. त्यानं सिंहलीत काही म्हटलं, मग तमिळमध्ये म्हटलं, आणि बाकांवरची तरुण मंडळी उठू लागली. वहिनींना जागा झाली, अक्कांना झाली, एकामागून एक आमचे सगळे म्हातारे बसले. त्यानं कुठून तरी पाण्याची बाटली आणली, वहिनींच्या हातात दिली.

आणि वसंत सर त्याच्यावर तुटून पडले.

मुख्याध्यापकी इंग्रजी, एक-एक शब्द सुटा. आरक्षित जागा परस्पर देऊन टाकता, वृद्धांना गुरांसारखं कोंबता, पाहुण्यांना असं वागवता, माझी पत्नी आज इथं पडली असती तर जबाबदार कोण? सगळा डबा ऐकत होता. गुणपालनं एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मी खाली बघितलं.

"सॉरी सर," तो म्हणाला. "आज गर्दी फार आहे."

आणि पुढे गेला.

गाडी चढत होती. बाहेर चहाचे उतार सुरू झाले असणार. मला ठाऊक होतं, कारण आधी कितीदा तरी पाहिले होते. सबंध डोंगरावर हिरवी चादर ताणून तिच्यावर कुणी बोटांनी रेघा ओढल्यासारखे ते मळे दिसतात. मधून पाठीवर पोती बांधलेल्या बायका पानं खुडत उभ्या असतात, त्या गाडीकडे बघतही नाहीत. वळणावर गाडीचं इंजिन आणि शेवटचा डबा एकाच खिडकीतून दिसतात. धबधबा इतका जवळून जातो, की थंडावा गालाला लागतो. आमची मंडळी 'आ हा हा' करत होती. मी दाराकडे पाठ करून उभी होते.

अक्कांच्या शेजारी चहाच्या मळ्यात काम करणारी एक तमिळ बाई बसली होती. भाषा एकही नाही. थोड्या वेळानं बघते तर अक्कांनी तिचा हात हातात घेतलेला. तिची बोटं पानांच्या चिकानं काळी पडलेली, अक्कांची कापूस वेचून वेचून नखांशी फाटलेली. अक्का मला म्हणाल्या, "दख मंगल, हाई बी येचनारीच शे." त्या बाईनं पदराच्या गाठीतून सुपारी काढून अक्कांना दिली. एरवी अशा क्षणासाठी मी जीव टाकला असता. त्या दिवशी मी नुसती मान हलवली.

नानुओया नावाचं स्टेशन आलं, तेव्हा पुष्कळ लोक उतरले आणि आमच्या सगळ्यांना जागा मिळाली. "नाना, तुम्हना गाव उना!" कुणीतरी ओरडलं, डबा हसला. नाना हसले नाहीत. ते खिडकीतून बाहेर काहीतरी निरखत होते.

त्यापुढे पट्टिपोला. या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन. ढग फलाटावर उतरलेला, समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची थांबलेली. नाना उतरले म्हणून मीही उतरले. स्टेशन मास्तर हातात वेताची एक मोठी रिंग घेऊन उभा होता, तिच्या खाली कातडी पिशवी. नाना त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि काही न बोलता त्या रिंगकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. मास्तराला कळलं. त्यानं ती रिंग नानांच्या हातात दिली.

मला नानांनी सांगितलं ते असं. एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ही युक्ती. त्या पिशवीत एक धातूची चकती असते. पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ मोकळा असेल तरच ती यंत्रातून बाहेर निघते. ती हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आमच्याकडे ही पद्धत केव्हाच गेली. तरुणपणी नानांनी ती रिंग हजारदा धावत्या इंजिनाकडे वर धरली होती.

मास्तरानं त्यांना इंजिनापर्यंत नेलं. नानांनी पाय जुळवले, हात वर केला, ड्रायव्हरनं रिंग घेतली आणि नानांना सलाम ठोकला. सत्तरीचा तो माणूस डब्यात परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

गाडी सुटली. नाना माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "ताई, आठवन म्हनीसन एक तिकीट दे. त्या मोठा तिकीटमाईन." आरक्षणाच्या तिकिटांचा गठ्ठा माझ्या फायलीत होता. मी विचार न करता एक काढून दिलं. रेल्वेच्या माणसाला तिकीट दिलं म्हणजे तो ते वाचणारच, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

नानांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. मग चष्मा काढला.

"तारीख कालनी शे," ते हळूच म्हणाले.

मी फाईल मिटली.

"रेल्वेनी काहीच कयं नही. तू इसरनी."

"हो नाना."

ते रागावले नाहीत. तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "एक सालले यार्डमा एक डबा रुळखाले उतरना. सांधा मी बरोबर लावा नव्हता. नाव दुसरानं लागनं. मी गप ऱ्हायनू. त्यानी बदली व्हयनी, पोरंसोरं लिसन गया तो. पुढे भेटना बी नही. आजबी तो मना ध्यानमा येस." मग म्हणाले, "तो टीसी भला मानूस शे."

पलीकडच्या बाकावर वसंत सरांची डायरी फिरत होती. त्यांनी तक्रार लिहिली होती, इंग्रजीत, दोन पानं. गुणपालचं नाव पट्टीवरून उतरवून घेतलं होतं. एल्लाला स्टेशन मास्तरच्या हातात द्यायची आणि प्रत सरकारला पाठवायची. एकोणीस सह्या झाल्या होत्या. डायरी आता अक्कांकडे होती आणि अक्का विचारत होत्या, "आठे करू का सही?"

पट्टिपोल्यानंतर एक बोगदा येतो. अलीकडे धुकं असतं, पलीकडे बहुतेक वेळा लख्ख ऊन. त्या बोगद्यात गाडी शिरली आणि माझ्या मनात आलं, की हा अंधार संपायच्या आत ठरव. मालक काय म्हणतील, ही माणसं घरी जाऊन काय सांगतील, इतक्या वर्षांच्या नावाचं काय होईल, सगळं येऊन गेलं. उजेड आला तेव्हा मी उभी होते.

"अक्का, सही करू नका," मी म्हणाले. "सर, डबा रेल्वेनं कुणाला दिला नाही. पौर्णिमेसाठी मी एक दिवस वाढवला आणि गाडीची तारीख बदलायला विसरले. तिकिटं कालची होती. सकाळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या माणसाची काही चूक नाही. त्यानं आपल्याला जागा करून दिली."



वसंत सर माझ्याकडे वळले. "म्हणजे एवढ्या लोकांसमोर मी त्याला बोललो, ते तुमच्या चुकीसाठी?"

"हो सर."

"आणि तुम्ही तिथंच उभ्या होतात."

"हो."

त्यांनी अक्कांकडून डायरी घेतली, ती दोन पानं फाडून बारीक तुकडे केले आणि खिशात ठेवले. बाहेर फेकले नाहीत. मग उठून डब्या-डब्यांतून चालत गेले. नाना त्यांच्या मागे गेले, म्हणून मला पुढचं कळलं. गुणपालसमोर सरांनी हात जोडले. आयुष्यभर मुलांच्या इंग्रजीतल्या चुका काढणारा तो माणूस, तिथं त्याला एक वाक्य धड जुळवता येईना.

इकडे डब्यात सगळ्यांत आधी अक्का बोलल्या. "चुकनं ते चुकनं. पन पुनीव ते सापडनी ना आम्हले!" दोघं-चौघं हसले. सगळे नाही. आणि सगळ्यांनी हसावं असा माझा हक्कही नव्हता.

कसं निभावलं ते सांगते. पुढच्या पाच दिवसांत वसंत सर माझ्याशी कामापुरतंच बोलले. प्रत्येक तिकीट, प्रत्येक हॉटेलचा कागद स्वतः हातात घेऊन, तारीख वाचून मगच परत देत. मी मुकाट्यानं देत होते. दोन कुटुंबं पुन्हा कधीच माझ्यासोबत आली नाहीत. जळगावला परतल्यावर मालक म्हणाले, "अहो, सांगायची काय गरज होती? कुणाला कळलं असतं?" पुढच्या वर्षी श्रीलंकेची सहल त्यांनी दुसऱ्याला दिली. त्याच्या पुढच्या वर्षी ती पुन्हा माझ्याकडे आली. कारण धुळ्याच्या एका महिला मंडळानं फोनवर सांगितलं होतं, की अक्कांच्या त्या ताई असतील तरच येऊ.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. एल्ला यायच्या आधी, उतरायची तयारी चालू असताना गुणपाल आमच्या डब्यात आला. शेवटची दहा मिनिटं होती. दाराबाहेर डोंगर एकदम खाली कोसळले होते आणि निळ्या उजेडात तळाची गावं पणत्यांएवढी दिसत होती. त्या दिवसात मी पहिल्यांदा बाहेर पाहिलं ते तेव्हा. मी त्याची माफी मागितली. त्यानं हातानंच पुरे म्हटलं. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "सकाळी सर तुमच्यावर ओरडत होते, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात सुटला असता. का नाही बोललात?"

त्याला प्रश्नच कळला नाही असं आधी वाटलं. मग म्हणाला, "मॅडम, मला ही माणसं एल्लापर्यंतच न्यायची होती. तुम्हाला अजून पाच दिवस न्यायची आहेत. ती माझ्यावर चिडली तर चालतं."

एवढं बोलून तो पुढच्या डब्यात गेला. त्याला अजून तिकिटं बघायची होती.